मान कोणाचा, अपमान कोणाचा? : संगीतसूर्य केशवराव भोसले

करवीरनगरीला कलापूर म्हणण्याची आपल्याकडे रूढीच पडून गेली आहे. रूढी पडली, की शब्दाचा अर्थ पुसट होतो. शाहू स्मारकाच्या बाजूने वा खासबागेच्या रस्त्याने येता-जाता आपण ज्यांचे नाव वाचतो, ते केशवराव भोसले कोण होते, असे आजच्या एखाद्या विद्यार्थ्याला विचारले, तर बहुधा नाट्यगृहाचे नाव तेवढे त्याला सांगता येईल. नट होते, गात असत, त्यांच्या नावाने नाट्यगृह आहे, एवढ्यावर माहिती संपते. ज्या मुलाने याच गावात जन्म घेऊन वयाच्या एकतिसाव्या वर्षी साऱ्या महाराष्ट्राला हळहळायला लावले, त्याच्याविषयी त्याच्याच गावाने इतके कमी जाणावे, ही काही भूषणाची गोष्ट नव्हे.

केशवरावांचे चरित्र आज सांगावेसे वाटते त्याला आणखी एक कारण आहे. रसिक म्हटला की तो पक्षपाती असायचाच. कोणते नाटक श्रेष्ठ, कोणाचा आवाज मोठा, पारितोषिक कोणाला मिळायला हवे होते आणि कोणाला मिळाले, या वादात नाट्यवेड्या माणसांना जो आनंद मिळतो तो नाटक पाहतानासुद्धा मिळत नसेल. आज दूरचित्रवाणीवर पारितोषिकांचे सोहळे होतात आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीपासून प्राध्यापकांच्या खोलीपर्यंत निकालाची चिकित्सा चालते. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरील संगीतनाट्यांना आणि नाटकांना १९४७ पासून टोनी पारितोषिके दिली जातात. १९६७ पासून तो सोहळा तिकडे देशभर दूरचित्रवाणीवर दिसू लागला आणि तेव्हापासून तिथल्या रसिकांच्या भांडणालाही देशभराचे अंगण मिळाले. माणसाचा स्वभाव सगळीकडे सारखाच.

आपल्या संगीत रंगभूमीच्या ऐन बहराच्या काळात मात्र ना परीक्षक होते, ना मानचिन्हे. निकाल लावायचा तो प्रेक्षागृहातल्या वन्स मोअरने. त्या काळातला सर्वांत मोठा वाद एकच होता : बालगंधर्व श्रेष्ठ की केशवराव भोसले? १९२१ साली एका रात्री हे दोघे एकाच रंगमंचावर उभे राहिले. ज्या निकालाची रसिक कित्येक वर्षे वाट पाहत होते, तो लागण्याचा योग आला होता. त्या रात्रीचे काय झाले आणि त्या रात्रीपर्यंत केशवराव कोणत्या वाटेने आले, हेच प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

केशव विठ्ठल भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरची परिस्थिती गरिबीची. वडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. पोटाची चिंता असलेल्या घरातील मुलाला त्या काळी ज्या थोड्या वाटा मोकळ्या होत्या, त्यांत नाटक कंपनी ही एक होती. मुलगा दिसायला बरा असावा आणि त्याचा गळा गोड असावा, म्हणजे कंपनी त्याला दोन वेळचे जेवण, कपडालत्ता आणि गाण्याचे शिक्षण देई. त्याबदल्यात मूल आपले बालपण देई. केशव चार-पाच वर्षांचा असतानाच स्वदेशहितचिंतक नाटक मंडळीत दाखल झाला. जनुभाऊ निमकर हे त्या मंडळीचे चालक होते. ज्या वयात मुले धुळाक्षरे गिरवतात त्या वयात हा मुलगा गावोगावच्या मुक्कामांना जाऊ लागला. शाळेचे तोंड त्याला फारसे पाहायला मिळाले नाही. तालमीची खोली हीच त्याची शाळा, आणि पेटी, तबला, सारंगी हीच त्याची पुस्तके.

नाटक मंडळीचे जीवन बाहेरून जितके झगमगीत दिसे तितकेच ते आतून खडतर असे. साऱ्या मंडळीचे बिऱ्हाड एकत्र, पंगत एकत्र, आणि शिस्त कडक. रात्रभर नाटक चालायचे, दिवसा झोप, तिसऱ्या प्रहरी गाण्याची मेहनत आणि नव्या नाटकाची तालीम, असा क्रम. मुक्काम संपला की पडद्यांच्या गुंडाळ्या, कपड्यांच्या पेट्या आणि स्वयंपाकाची भांडी यांच्यासह सगळे बिऱ्हाड पुढच्या गावी हलायचे. आजारी पडायला सवड नव्हती. जाहिरात लागली की पडदा उघडलाच पाहिजे. केशवरावांच्या आवाजातली धार आणि दमछाक न होता तासन् तास गाण्याची ताकद ही देणगी खरी. परंतु ती अशा मेहनतीच्या सहाणेवर घासून तयार झाली होती, हे विसरून चालणार नाही.

या मुलाकडे महाराष्ट्राचे लक्ष वेधले ते 'शारदा'मुळे. गोविंद बल्लाळ देवलांचे हे नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' करून संगीत नाटकाची जी मुहूर्तमेढ रोवली, तिच्यावर तोवर प्रामुख्याने पुराणांतील कथांचे मांडव उभे राहिले होते. देवलांनी त्या मांडवात आपल्या आसपासचे दुःख आणून बसविले. पैशांच्या लोभाने कोवळ्या मुलीला जख्ख म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधायला निघालेला बाप आणि तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसणारी शारदा, हे चित्र प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या घरात पाहिलेले होते. स्वदेशहितचिंतक मंडळीच्या प्रयोगांत शारदेची भूमिका लहानग्या केशवकडे आली. शारदेचे वय आणि नटाचे वय यांत जवळजवळ अंतरच नव्हते. तिची भीती, तिची असहायता जेव्हा एका खरोखरच्या बालकाच्या उंच, कळवळलेल्या स्वरांतून बाहेर पडे, तेव्हा प्रेक्षागृहातील कठोर माणसांचेही डोळे भरून येत. केशवरावांची शारदा पाहिलेली माणसे पुढे म्हातारपणीसुद्धा ती आठवण काढीत.

नाव झाले, कंपनीची गल्लाभरती वाढली. परंतु नाव झालेला मुलगा मोठा होत असतो. त्याला आपल्या गळ्याची किंमत कळू लागते, आणि तो ज्या घरात वाढला त्या घराच्या भिंती त्याला अपुऱ्या पडू लागतात. केशवराव स्वदेशहितचिंतक मंडळीतून बाहेर पडले आणि १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीला त्यांच्या ललितकलादर्श मंडळीची स्थापना झाली. त्या वेळी त्यांचे वय अवघे सतरा होते. सतरा वर्षांचा मुलगा आज आपल्याकडे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेला असतो आणि हजेरीची चिंता करीत असतो. केशवरावांच्या डोक्यावर या वयात अख्ख्या मंडळीच्या अन्नवस्त्राची जबाबदारी आली.

कंपनी काढायला महाराष्ट्रातील शहर सोडून हुबळी का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्या काळी धारवाड-हुबळीचा मुलूख मुंबई इलाख्यातच मोडत असे आणि मराठी नाटक मंडळ्यांचे त्या बाजूचे मुक्काम हे नेहमीचे असत. भाषेची कुंपणे आजच्याइतकी उंच झालेली नव्हती. कानडी रसिक मराठी पदांना दाद देत आणि मराठी गवई त्या मातीतून नवे स्वर उचलीत. कोल्हापूरच्या मुलाची मंडळी हुबळीस जन्मली आणि तिने मुंबई-पुणे जिंकले, यात म्हणूनच नवल काही नाही.

ललितकलादर्शने जुनी गाजलेली संगीत नाटके तर केलीच. परंतु केवळ जुन्या भांडवलावर व्यापार करावा, अशी तिच्या मालकाची वृत्ती नव्हती. वीर वामनराव जोशी यांचे 'राक्षसी महत्त्वाकांक्षा' हे नाटक त्यांनी घेतले आणि त्यातील मृणालिनीची भूमिका स्वतः केली. या भूमिकेने केशवरावांचे नाव सर्वतोमुखी झाले. शारदेत जे कारुण्य होते, त्याच्या जोडीला आता तेज आणि आवेश आले. हिराबाई पेडणेकर या मराठीतल्या आद्य स्त्री नाटककारांपैकी एक. स्त्रीने नाटक लिहावे ही कल्पनाच ज्या समाजाला पचत नव्हती, त्या समाजापुढे त्यांचे 'दामिनी' हे नाटक ललितकलादर्शने उभे केले. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ती आवर्जून सांगितली पाहिजे.

पुढे भार्गवराम विठ्ठल वरेरकर, म्हणजे मामा वरेरकर, या मंडळीला मिळाले. वरेरकरांचे 'हाच मुलाचा बाप' हे नाटक १९१६ च्या सुमाराचे. हुंड्याच्या बाजारात मुलीच्या बापाची जी मानखंडना होते, ती त्यात मांडलेली आहे. १९१९ च्या 'संन्याशाचा संसार'मध्ये धर्मांतर आणि धर्मांतरितांना परत घेण्याचा प्रश्न आला. गाण्यासाठी येणाऱ्या प्रेक्षकापुढे असे विषय ठेवणे म्हणजे जोखीमच. प्रेक्षक पैसे मोजतो ते तानेसाठी. त्याला हुंड्यावरचे प्रवचन नको असते. परंतु केशवरावांनी ताण सांभाळला. त्यांनी तानही दिली आणि विषयही दिला. रामकृष्णबुवा वझे यांच्यासारख्या पट्टीच्या गवयाचे मार्गदर्शन त्यांनी घेतले. बुवांच्या शिस्तीत त्यांच्या मुळातच बुलंद असलेल्या आवाजाला रागदारीची बैठक मिळाली. शाळा न मिळालेल्या या माणसाने विद्येची भूक मात्र जन्मभर जागी ठेवली होती.

या सगळ्या काळात कोल्हापूरशी असलेला धागा तुटला नव्हता. त्याचे श्रेय राजर्षी शाहू छत्रपतींना. १९०२ मध्ये महाराज विलायतेस गेले होते. त्या प्रवासात पाहिलेल्या रोमच्या भव्य खुल्या क्रीडागाराची छाप त्यांच्या मनावर उमटली आणि कोल्हापुरास परतल्यावर त्यांनी खासबागेत कुस्तीचे मैदान उभारले. त्याच मैदानाला पाठ लावून नाटकांसाठी पॅलेस थिएटर बांधले गेले. ९ ऑक्टोबर १९१३ रोजी सुरू झालेले हे काम १४ ऑक्टोबर १९१५ रोजी पुरे झाले. एका अंगाला मल्ल, दुसऱ्या अंगाला गवई! कुस्ती आणि नाटक या कोल्हापूरच्या दोन्ही वेडांना महाराजांनी एकाच आवारात घर दिले. ही गोष्ट गमतीची वाटते, परंतु तिच्यात मोठा अर्थ आहे. कला ही दिवाणखान्यातील चार सरदारांची मिरासदारी नसून ती मैदानात बसणाऱ्या सामान्य माणसाचीही आहे, अशी ही धारणा होती. ज्या राजाने १९०२ सालीच आपल्या संस्थानातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, त्या राजाच्या नाटकवेडातही तीच दृष्टी होती.

या धारणेची कसोटी लागली ती केशवरावांच्या गळ्यावर. महाराजांच्या इच्छेने खासबागेच्या उघड्या मैदानात ललितकलादर्शचा 'मृच्छकटिक'चा प्रयोग झाला. वर छप्पर नाही, आवाज अडविणाऱ्या भिंती नाहीत, ध्वनिक्षेपकाचे तर नाव कोणी ऐकलेले नव्हते. समोर हजारोंचा समुदाय, आणि त्यात तिकीट काढून नाटकाला जाण्याची ऐपत नसलेली कितीतरी माणसे. गळ्याच्या बळावर एवढ्या समुदायाला धरून ठेवायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे. केशवरावांनी ते केले. गरिबीमुळे नाटक कंपनीत गेलेला मुलगा आपल्या गावातील गरिबांना नाटक ऐकवीत होता. एखाद्या कलावंताच्या आयुष्यात यापेक्षा मोठा सत्कार कोणता असू शकतो?

आता त्या प्रसिद्ध वादाकडे वळू. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, हे केशवरावांपेक्षा दोन वर्षांनी मोठे. त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. ऐकू कमी येत असल्यामुळे किर्लोस्कर मंडळीत प्रवेश मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनीच त्यांच्यावर मिरजेला उपचार करवून त्यांची वाट मोकळी केली. म्हणजे या दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या डोक्यावर एकाच राजाचा वरदहस्त होता. १९०५ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत आले आणि १९१३ मध्ये त्यांनी गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली. इकडे ललितकलादर्श आणि तिकडे गंधर्व मंडळी, अशी महाराष्ट्रातील रसिकांची जणू वाटणीच होऊन गेली.

दोघांच्या गुणांत फरक मोठा होता. बालगंधर्वांचे गाणे म्हणजे मोगऱ्याचा मंद सुगंध. ते कधी हाताला लागत नाही आणि मनातून जात नाही. शब्दाला कुरवाळीत, सुराला अलगद स्पर्श करीत ते गात. त्यांच्या लुगड्यांची आणि दागिन्यांची नक्कल घरंदाज स्त्रिया करीत. केशवरावांचे गाणे म्हणजे भर माध्यान्हीचे ऊन. उंच पट्टी, मोकळा खडा आवाज, आणि बघता बघता प्रेक्षागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जाऊन भिडणारी तान. एकाला लोकांनी गंधर्व म्हटले आणि दुसऱ्याला संगीतसूर्य. दोन्ही नावे सार्थ होती. पण रसिकाला दोन देव एकाच देव्हाऱ्यात चालत नाहीत. एकाच्या भक्ताला दुसऱ्याचे गाणे फिके वाटे, आणि दुसऱ्याच्या भक्ताला पहिल्याचे गाणे नाजूक, बिनबळाचे वाटे. पानसुपारीच्या बैठकांतून, वर्तमानपत्रांच्या स्तंभांतून आणि थिएटराच्या दाराशी हा वाद झडत राहिला. त्या वादाने दोन्ही कंपन्यांचा गल्ला भरला हेही खरे. परंतु त्यापायी चांगल्या गाण्याला दाद न देण्याचा करंटेपणा दोन्ही बाजूंच्या रसिकांकडून घडला असेल, हेही तितकेच खरे.

१९२० च्या ऑगस्टमध्ये लोकमान्य टिळक निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड उभारण्यात आला आणि १९२१ मध्ये महात्मा गांधींच्या नेतृत्वाखाली देशभर निधी जमविण्याचे काम सुरू झाले. या फंडासाठी दोन्ही मंडळ्यांनी मिळून एक नाटक करावे, असे ठरले. नाटक निवडले गेले ते कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान'. १२ मार्च १९११ रोजी किर्लोस्कर मंडळीने प्रथम रंगभूमीवर आणलेल्या या नाटकाला चाली होत्या गोविंदराव टेंब्यांच्या, म्हणजे पुन्हा एका कोल्हापूरकराच्याच. भामिनी बालगंधर्वांनी करावी आणि धैर्यधर केशवरावांनी, अशी भूमिकांची वाटणी झाली.

ही निवड किती अर्थपूर्ण होती ते पाहा. धैर्यधर हा गरीब पण पराक्रमी सेनापती. भामिनी ही श्रीमंताची मुलगी. गरिबीमुळे ती त्याचा अव्हेर करते, आणि पुढे वेष पालटून त्याच्या छावणीत राहिल्यावर तिला खऱ्या माणसाची किंमत कळते. मान कशाला द्यायचा, हिऱ्यामोत्यांना की कर्तृत्वाला, हा नाटकाचा प्रश्न. कोल्हापूरच्या गरीब घरातून निघून स्वतःच्या गळ्याच्या बळावर इथवर आलेल्या केशवरावांना धैर्यधर समजून घ्यायला वेगळी तालीम नको होती. आणि नाटकाचे नावही कसे! रसिकांच्या दृष्टीने त्या रात्रीचा प्रश्न तोच होता : मान कोणाचा आणि अपमान कोणाचा?

दोघांनाही धोका होता, याची जाणीव ठेवली पाहिजे. भामिनी ही बालगंधर्वांची दहा वर्षे घोटलेली भूमिका. तीत कोणी त्यांच्यावर ताण केली असती, तर ती त्यांच्या सिंहासनालाच धक्का देणारी ठरली असती. केशवरावांच्या दृष्टीने धोका याहून मोठा होता. नाटक प्रतिस्पर्ध्याच्या नावाने गाजलेले. ज्या नाटकात लोक भामिनीला पाहायला येतात, त्यात भामिनीच्या शेजारी उभे राहून गायचे. एक सूर हलला असता, तरी गावोगावच्या बैठकींत त्याची टिंगल झाली असती. दोन्ही मंडळ्यांचे पोट या दोन गळ्यांवर होते. वाद मिटवायला म्हणून नव्हे, तर देशाच्या कामासाठी दोघांनी आपापली कमाई डावावर लावली.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग झाला. सर्वांत महाग तिकीट शंभर रुपयांचे होते. रेल्वेने बाहेरगावचे रसिक आले. पक्ष घेऊन आलेली माणसे आपापल्या नटाला दाद द्यायला सरसावून बसली. पडदा उघडला, नांदी झाली, आणि मराठी संगीत रंगभूमीच्या इतिहासातील ती अपूर्व रात्र सुरू झाली. केशवरावांचे पद झाले की टाळ्यांचा कडकडाट, बालगंधर्वांचे झाले की तोच कडकडाट. वन्स मोअर किती झाले याची गणती ठेवणे व्यर्थ होते. एक जण रंगला की दुसऱ्याचे गाणे अधिक खुले. खरे तर असे होणे स्वाभाविकच आहे. दोन कसलेले मल्ल आखाड्यात समोरासमोर आले, म्हणजे दोघांचेही डाव अधिक देखणे होतात, हे खासबागेच्या प्रेक्षकाला कोणी सांगायला नको.

निकाल मात्र लागला नाही. तो लागू शकतच नव्हता. पहाटे थिएटरबाहेर पडलेल्या माणसांपैकी जो ज्याचा भक्त होता, तो त्याचाच राहिला असेल. पण दुसऱ्यालाही मान दिल्याखेरीज त्याला घरी जाता आले नसेल. मान दोघांचा झाला आणि अपमान कोणाचाच झाला नाही. त्या रात्रीची मिळकत गेली ती स्वराज्याच्या कार्याला. पारितोषिकाची पेटी उघडावी आणि विजेत्या म्हणून देशाचेच नाव निघावे, तसे हे झाले. त्या रात्री ध्वनिमुद्रण करण्याची सोय नव्हती, चित्रीकरण नव्हते. जे घडले ते ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिले आणि त्या कानांबरोबर गेले. आपल्यापर्यंत आली आहे ती केवळ त्या रात्रीची कीर्ती.

याच वर्षी 'शहाशिवाजी' या नाटकात केशवरावांनी शिवाजी महाराजांची भूमिकाही केली. शारदेपासून सुरू झालेली वाट मृणालिनी, धैर्यधर अशा टप्प्यांनी शिवछत्रपतींपर्यंत येऊन पोहोचली होती. स्त्रीभूमिकांनी नावारूपाला आलेल्या नटाला वय वाढल्यावर पुरुषभूमिकांत पाय रोवणे फार थोड्यांना जमले. केशवरावांना ते जमले होते. आता खरी सुरुवात होईल असे वाटत असतानाच घाला पडला. तापाच्या आजारात ४ ऑक्टोबर १९२१ रोजी केशवरावांचे निधन झाले. 'संयुक्त मानापमान'ला तीन महिनेसुद्धा झाले नव्हते. वय एकतीस. पुढच्या मे महिन्यात, १९२२ साली, शाहू महाराजही गेले. करवीरच्या रंगभूमीने सात-आठ महिन्यांत आपला गायक आणि आपला आश्रयदाता असे दोघेही गमावले.

मालक गेला म्हणजे नाटक मंडळी मोडायची, हा त्या काळचा सर्वसाधारण अनुभव. ललितकलादर्श मोडली नाही, हे केशवरावांच्या पुण्याईचे फळ. बापूराव पेंढारकरांनी ती पुढे चालविली. १९३२ साली 'अयोध्येचा राजा' या प्रभातच्या बोलपटाने पडदा बोलू लागला. तो चित्रपट कोल्हापूरचाच आणि त्यातील हरिश्चंद्र गोविंदराव टेंबेच. बोलपटाच्या या लाटेत एकामागून एक संगीत मंडळ्या बुडाल्या. १९३७ मध्ये बापूराव गेले. त्यांचे पुत्र भालचंद्र पेंढारकर यांनी ललितकलादर्शचे नाव पुन्हा उजळले आणि १९६० साली 'पंडितराज जगन्नाथ'सारखे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. बालगंधर्वांना १९६७ पर्यंतचे दीर्घायुष्य लाभले. त्यांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजत राहिल्या. एकाचा स्वर असा पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत राहिला आणि दुसऱ्याची फक्त आख्यायिका झाली. श्रेष्ठ कोण, या वादाचा काळाने लावलेला हा निकाल म्हणता येईल काय? मला तसे वाटत नाही. आयुष्याची लांबी हा गुणवत्तेचा मापदंड नव्हे.

पॅलेस थिएटराला पुढे केशवरावांचे नाव देण्यात आले. संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह म्हणून कोल्हापूरच्या कित्येक पिढ्यांनी तिथे नाटके पाहिली, हौशी नटांनी तिथे पहिले पाऊल टाकले, शाळा-महाविद्यालयांची स्नेहसंमेलने तिथे रंगली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री त्या वास्तूला आग लागली आणि शाहू महाराजांनी उभारलेले ते वैभव डोळ्यांदेखत जळून गेले. दुसरा दिवस ९ ऑगस्ट, म्हणजे केशवरावांचा जन्मदिन. ज्या दिवशी तिथे त्यांचे स्मरण व्हायचे त्या दिवशी कोल्हापूरकर तिथे राखेपुढे उभे होते. वृद्ध कलावंत रडताना दिसले. नाट्यगृह पूर्वीसारखेच पुन्हा उभारावे, ही मागणी एकमुखाने झाली आणि शासनाने त्यासाठी निधीही जाहीर केला.

दगड-विटांची वास्तू पुन्हा बांधता येते. परंतु वास्तूवर जे नाव आहे, त्याचा अर्थ आपल्यालाच पुन्हा बांधावा लागेल. ज्याला शाळा मिळाली नाही, त्याने सतराव्या वर्षी कंपनी उभारली. ज्याच्याकडे लोक गाण्यासाठी येत होते, त्याने त्यांना हुंड्याची आणि धर्माच्या भांडणाची लाज वाटायला लावणारी नाटके दाखविली. ज्याच्या नावाने रसिकांनी पक्ष पाडले, तो स्वतः प्रतिस्पर्ध्याच्या शेजारी जाऊन उभा राहिला आणि त्याने आपला सूर देशाच्या झोळीत टाकला. आपल्या महाविद्यालयातही एकांकिका स्पर्धा होतात, निकाल लागतात, त्यावरून रुसवेफुगवे होतात, दोन गट वर्षभर एकमेकांशी बोलत नाहीत. अशा वेळी बालीवाला थिएटरातील ती रात्र आठवावी. पारितोषिक एकालाच मिळते, पण रंगमंच दोघांना पुरतो. केशवराव आणि बालगंधर्व यांना हे कळले होते. रसिकांना ते कळायला थोडा वेळ लागला, इतकेच.